घोसाळ्याच्या काठाची राखण

लॅपटॉप टकटक करायला लागला तेव्हा बायाक्काला पहिला संशय आला तो सुनेचाच.

सून स्वरूपा निपाणीची. वागायला सरळ, कामाला चटपटीत, पण बायाक्काच्या लेखी तिचा एक दोष होता. घरातल्या साड्यांच्या सगळ्या नक्ष्या तिच्या हाताखाली होत्या. बेळगावातल्या शहापूरच्या या घरात मागच्या बाजूला माग चालायचे, ते मुलगा श्रीनाथ बघायचा. नक्षीचं काम मात्र पूर्वी सासूकडून सुनेकडं यायचं, हातातून हातात, चौकटीच्या कागदावर. स्वरूपा आली आणि ते लॅपटॉपमध्ये गेलं. तेव्हापासून बायाक्काला आपल्याच घरात कुठंतरी एक बंद कपाट आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडं नाही, असं वाटत राहायचं.

साडीच्या काठावरची नक्षी मागाला कळते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. नक्षीची एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. असे सगळे पुठ्ठे दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते आणि खाली वेल उमटत जाते. पुठ्ठे पाडणारा माणूस वेगळा असतो. त्याच्याकडं कागद द्यायचा तर घरातली एक बाई राखणीला बसायची, ही शहापूर-वडगावची रीत. तो भोकं पाडेपर्यंत तिथून हलायचं नाही, पाणी प्यायलाही नाही. काम झालं की पुठ्ठे पिशवीत, कागद पोलक्यात, आणि घर. पुढं पुठ्ठे झिजले की ते न्हाणीच्या चुलीत घालायचे. रद्दीत द्यायचे नाहीत, शेजारच्या पोराला खेळायलाही द्यायचे नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी, तर घोसाळ्याच्या काठासाठी.

हा काठ बायाक्काच्या सासूचा. घोसाळ्याची वेल, तिचं पसरट पान, आणि पिवळंधमक फूल. दुसऱ्या कुणाच्या साडीला तो नव्हता. बायाक्का नवी नवरी असताना सासू तो कागद घेऊन वडगावच्या रवळूकडं पुठ्ठे पाडायला गेली होती. सोबत बायाक्काही. दिवस कलला तसा रवळू म्हणाला, "वैनी, उजेड गेलाय. कागद हितंच ठेवा, सकाळी पुरं करतो." सासूला ताप भरला होता, कागद तिथंच ठेवून ती उठली. त्या दिवाळीला वडगावच्या मष्णूच्या दुकानात घोसाळ्याचा काठ टांगलेला होता. रवळूनं एकाऐवजी दोन संच पाडले, एक मष्णूला विकला, असं सासू मरेपर्यंत सांगत होती. तेव्हापासून मष्णूचं घर आणि हे घर यांच्यात बोलणं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोन्ही घरच्या बायका एकमेकींच्या डोक्यावरून पलीकडं बघायच्या. मष्णू गेला, त्याचे माग विकले गेले, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

त्यामुळं लॅपटॉप आला तेव्हा बायाक्कानं विचार करून कागद चुलीत घातला. "एक जिन्नस दोन ठिकाणी कशाला? एका ठिकाणी असला म्हंजे राखता येतोय," असं तिचं म्हणणं. पुठ्ठ्यांचा शेवटचा संचही गेल्या हंगामात झिजून चुलीत गेला होता. आता खडेबाजारातल्या दुकानदारानं लग्नाच्या बस्त्यासाठी घोसाळ्याचा काठच पाहिजे म्हणून सांगितलं होतं. नवे पुठ्ठे पाडायला स्वरूपानं लॅपटॉप उघडला, तर तो उघडता उघडेना. आतून टक, टक, टक असा आवाज.

"आत्ती, हार्डडिस्क जाते आहे," स्वरूपा म्हणाली. सासूला ती माहेरच्या सवयीनं आत्ती म्हणायची. "आत एक तबकडी फिरत असते. ती आता अडखळायला लागली आहे. ती काढून एसएसडी बसवायला पाहिजे."

"ते काय?"

"तेही साठवायचंच. पण त्यात फिरणारं काही नसतं."

बायाक्कानं सुनेकडं नीट बघितलं. मागाचा धोटा पळतो, चाक फिरतं, पुठ्ठे फिरतात, म्हणून कापड निघतं. "फिरत न्हाय, मग चालतंय कसं?"

"चालतं."

"आन् काठ कुठं हाय आत्ता?"

"ह्या तबकडीवर."

"म्हंजे ती तबकडी उचलून परक्याच्या हातात द्यायची."

"परका नाही. किशन आहे निपाणीत, माझ्या भावाच्या वर्गातला. स्टँडजवळ दुकान आहे त्याचं."

बायाक्का मनातल्या मनात दुकानं मोजू लागली. बेळगावात कुणाला द्यावं तर इथं प्रत्येकाचा कोणीतरी पाहुणा मागावर आहे. कॅम्पात एक दुकान होतं, पण त्याचा मालक वडगावचा जावई. त्या मानानं निपाणी बरी, तिथं तंबाखूवाले, साडीतलं कुणाला काय कळतंय. पण सुनेच्या माहेरचा माणूस, सुनेच्या भावाचा मित्र, आणि नेमका आत्ताच बिघडलेला लॅपटॉप! ही तीन टोकं तिनं मनात एकत्र ओढून बघितली. ती जुळत होती, हेच तिला आवडलं नाही.

"मीबी येणार," ती म्हणाली.

"तुम्ही? दिवसभर बसावं लागेल तिथं."

"बसायलाच येणार हाय."

एसटीत लॅपटॉपची पिशवी बायाक्कानं मांडीवरून खाली ठेवली नाही. संकेश्वर मागं पडलं. पूर्वी याच रस्त्यानं ती सासूबरोबर साड्यांची गाठोडी घेऊन निपाणीच्या बाजाराला यायची, तेव्हा वाटेत दोन्ही बाजूला झाडांची सावली असायची आणि गाडीतले लोक गाठोडं बघून विचारायचे, काय गं, शहापूरची साडी काय? आता रस्ता एवढा रुंद झाला होता की पलीकडचं माणूस ओळखू येत नव्हतं. निपाणी आल्याचं तिला मात्र डोळे मिटूनही कळलं. तंबाखूचा वास तसाच होता.

किशनचं दुकान लहान, काचेच्या दाराचं. तो गोरा, हसरा, बोलायला गोड. हे तिन्ही गुण बायाक्काला रवळूत दिसलेले होते.

"या आक्का, बसा. चहा सांगतो."

"चहा नगं. तू काम कर."

त्यानं लॅपटॉप कानाला लावला, तोंड वाकडं केलं. मग उलटा करून बारीक स्क्रू काढले आणि आतून एक चपटी डबी बाहेर काढली. तळहाताएवढी. बायाक्का स्टूल ओढून त्याच्या कोपराला लागून बसली.

"हीच काय ती?"

"हीच जुनी. आणि ही नवी." नवी त्याहून हलकी, पोकळ असल्यासारखी. त्यानं दोन्ही डब्यांना वायरी लावून आपल्या मोठ्या मशीनला जोडल्या. पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली आणि मुंगीच्या चालीनं पुढं सरकू लागली.

"आता काय चाललंय?"

"जुन्यातलं जसंच्या तसं नव्यात कॉपी होतंय."

"मधी ह्या तुझ्या मोठ्या डब्यात काय राहतंय काय?"

किशन हसला. "नाही आक्का. इकडून तिकडं सरळ."

"वायर तर त्यातनं गेल्या."

"पाईपातनं पाणी गेलं म्हणून पाईपात पाणी राहतं होय?"

"थोडं राहतंयच की," बायाक्का म्हणाली.

किशननं स्वरूपाकडं बघितलं. स्वरूपानं नजर खाली घातली. ही खाली घातलेली नजरही बायाक्कानं टिपून ठेवली.

दुपार झाली. स्वरूपा आईला भेटून येते म्हणून गेली आणि डबा घेऊन आली. बायाक्कानं स्टुलावरच भाकरी खाल्ली. किशन कुणाचा फोन घेऊन बाहेर गेला की ती मान वळवून काचेतून बघायची, कुणाशी बोलतोय, काय बोलतोय. एकदा तो कन्नडमध्ये बोलत होता. बायाक्काला कन्नड चांगलं येत होतं, पण तो मुद्दाम हळू बोलतोय असं तिला वाटलं. तो कुणाच्या तरी प्रिंटरच्या शाईबद्दल बोलत होता. निदान ऐकू आलं तेवढं तरी.

मग हिरवी पट्टी थांबली. टक, टक.

"अडकली," किशन म्हणाला. "काही जागा वाचता येईनात. त्या सोडून पुढं जातो." पट्टी पुन्हा हलली, शेवटाला गेली. त्यानं नवी डबी लॅपटॉपमध्ये बसवली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. पूर्वी भात शिजेपर्यंत उघडायचा नाही तो लॅपटॉप पापणी लवते न लवते तोच उघडला. स्वरूपाचा चेहरा उजळला. बायाक्काला एवढी घाई बरी वाटली नाही.

"सगळी नावं तर दिसतायत," किशन म्हणाला, "पण एकेक उघडून बघ, स्वरूपा. आतलं आलंय का ते महत्त्वाचं."

स्वरूपानं एक उघडलं, रुईफुलाचा काठ. ठीक होतं. दुसरं उघडलं. मग तिचा हात घोसाळ्याच्या नावावर गेला.

"ते हितं उघडू नको!" बायाक्का ओरडली.

"आत्ती, बघायला नको का?"

"घरात बग. चारचौघांत पसरायची जिन्नस हाय काय ती?"

दुकानात किशनशिवाय कुणी नव्हतं. त्याचे कान लाल झाले. तरी तो शांतपणे म्हणाला, "बरं, नका उघडू. पण आक्का, ही जुनी डिस्क माझ्याकडं दोन दिवस राहू द्या. थंड झाली की परत वाचते कधी कधी. राहिलेल्या जागा काढून बघतो."

ठेवा. सकाळी पुरं करतो. बायाक्काच्या डोळ्यांसमोर रवळूचं अंगण उभं राहिलं, त्यातला कलता उजेड, आणि तापानं लाल झालेलं सासूचं तोंड. तिनं हात पुढं केला.

"दे हिकडं."

"आक्का, ऐका तरी..."

"ऐकलंय मी हे. लई वर्सामागं ऐकलंय. दे."

परतीच्या एसटीत बायाक्कानं जुनी डबी पदरात गुंडाळून धरली. घरी पोचल्यावर स्वरूपा हातपाय धुवायला गेली. बायाक्का सरळ मागच्या दारी गेली, जुनी डबी पाट्यावर ठेवली आणि वरवंटा घातला. पहिल्या घावाला नुसता पत्रा वाकला. मग तिनं दोन्ही हातांनी घातला. आत आरशासारखी काच निघाली, तिचा चुरा झाला. एवढी सुरेख वस्तू असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं चुरा झाडूनं गोळा केला, कागदात बांधला आणि आंब्याच्या बुडात पुरला. झिजले पुठ्ठे चुलीत घातल्यावर वाटायचं तसं तिला हलकं वाटलं.

माजघरात स्वरूपा लॅपटॉपसमोर बसली होती. हात तोंडावर.

"उघडत नाही," ती म्हणाली. "बाकी सगळे आले. घोसाळ्याचा नाही. नाव आहे, आत काही नाही."

"त्यानंच काढून घेतला! मी म्हटलं न्हवतं? वायरीतनं काढून घेतला आन् पोकळ नाव ठेवलं!"

"आत्ती, ती जुनी डिस्क कुठं आहे?"

बायाक्कानं पदर सावरला. तिच्या लुगड्यावर काचेचा एक कण चमकत होता. स्वरूपानं तो बघितला, मग मागचं दार बघितलं, पाटा बघितला.

"त्यानं डिस्क ठेवून घ्यायला मागितली ती ह्याचसाठी," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा थंड बायाक्कानं कधी ऐकला नव्हता. "आणि मी तिथं उघडून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं. तुम्हाला वाटतं मी चोर आहे. पाच वर्षं झाली, रोज वाटतं. मला कळत नाही होय?"

तिनं किशनला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तुकडे झाले म्हटल्यावर आत काच होती की पत्रा, तेवढं त्यानं विचारलं. मग तो म्हणाला, "काचेची तबकडी फुटली म्हणजे संपलं, स्वरूपा. देवालाही काढता येणार नाही." त्यात चोराचा आनंद आहे काय ते बायाक्कानं कान देऊन ऐकलं. नव्हता. होतं ते फक्त वाईट वाटणं, आणि तेच तिला सोसेना.

पुढचे दोन दिवस ती एक जुनी घोसाळ्याच्या काठाची साडी घेऊन खिडकीत बसली. एकेक धागा मोजून नक्षी परत कागदावर उतरवायची. पण ती साडी धुऊन धुऊन मऊ झालेली, सूत एकमेकांत बसलेलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक धागे तिला दोन दोन दिसायचे. पान जमलं, फूल फसलं. स्वरूपाही येऊन बसली, पण तिच्या डोळ्यांनाही फुलाचे धागे सुटेनात. दुकानदाराचा निरोप आला, दुसरा काठ चालणार नाही, जमत नसेल तर सांगा. श्रीनाथ रिकाम्या मागाशी बसून बिडी ओढू लागला. आईसमोर तो कधी ओढत नसे.

तेव्हा बायाक्काच्या मनात आलं की जगात घोसाळ्याच्या पुठ्ठ्यांचा आणखी एक संच आहे. म्हणजे असला पाहिजे. ज्या संचाला तिनं जन्मभर शिव्या घातल्या, तोच.

वडगावला ती एकटीच गेली. मष्णूच्या घरी मागांच्या जागी आता भाडेकरूंच्या स्कूटर लावलेल्या होत्या. मष्णूची बायको मंगल पायरीवर लसूण सोलत होती. बायाक्काएवढीच, पण पाठ ताठ.

मंगलनं वर बघितलं. "कोण मेलं?"

"कोण न्हाय मेलं."

"मग ह्या दारात तू कशी?"

बायाक्का रस्ताभर जुळवलेली वाक्यं सगळी विसरली. "घोसाळ्याचे पुठ्ठे हाईत काय तुझ्याकडं?"

मंगलनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "आमच्या काठाचे पुठ्ठे आमच्याकडं असणारच की."

"तुमच्या? रवळूनं चोरून दिलेले तुमचे कधी झाले?"

"रवळूनं?" मंगल हसली, पण डोळे हसले नाहीत. "तुझी सासू आमच्या घरी हळदीकुंकवाला आलती. माझ्या सासूचा पदर हातात धरून बसली, सोडंचना. किती सुरेख, किती सुरेख. वाण घेऊन गेली आन् महिन्यानं तुमचा काठ निघाला. हे गल्लीतलं शेंबडं पोरगंबी सांगंल."

"खोटं!"

"तू बघितलंस?"

"तू बघितलंस?"

दोघीही तेव्हा सासरी नव्या होत्या, किंवा आल्याही नव्हत्या. बायाक्कानं रवळूचं अंगण बघितलं होतं, दुसरा संच पाडताना नाही; बाकी दोघींनी जे ऐकलं ते आपापल्या सासूच्या तोंडून. बायाक्का पायरीच्या कडेला टेकली. तिनं लॅपटॉपचं, तबकडीचं, वरवंट्याचं सगळं सांगून टाकलं. मंगलनं अर्ध्यात लसूण सोलणं थांबवलं.

"वरवंट्यानं?"

"व्हय."

"येडी हाईस तू," मंगल म्हणाली. तिनं ताटातली सालं फुंकरीनं उडवली. "मीबी तेच केलं असतं. पुठ्ठे माळ्यावर हाईत. पण तुझ्या हातात न्हाय देणार. मी घेऊन येणार, माझ्यासमोर उतरून घ्यायचं, आन् परत घेऊन जाणार."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून पोतं मांडीवर घेऊन मंगल आली. माजघरात स्वरूपाच्या कोपराला लागून बसली. चहा पुढं केला तर कपात वाकून बघितलं आणि तो बाजूला ठेवला. "आधी काम हुंदे." स्वरूपा एकेक पुठ्ठा उजेडावर धरायची, भोकं वाचायची, पडद्यावर चौकटी भरायची. काही पुठ्ठ्यांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण वेल पुन्हा पुन्हा तीच येत असल्यामुळं एकाचं गेलेलं दुसऱ्यात सापडत होतं. पान आलं. फूल आलं. मग फुलाच्या बुडाशी काहीतरी बारीक येऊ लागलं.

"हे काय?" बायाक्कानं विचारलं.

"कळी," मंगल म्हणाली.

"आमच्यात कळी न्हाय."

"न्हवतीच. तुझ्या सासूला ती दिसली नसंल. माझी सासू पदराची कड दुमडून घ्यायची, त्यात कळी झाकायची."

बायाक्कानं पडद्याकडं बघितलं. फुलाखालची ती जागा तिच्या काठात आयुष्यभर मोकळी होती. किती साड्या तिच्या हाताखालून गेल्या, आणि प्रत्येक वेळी तिला तिथं काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. सासूला विचारलं तर ती म्हणायची, मोकळं बरं दिसतंय. रवळूनं पुठ्ठे पाडताना स्वतःच भर घातली असेल, असंही असू शकतं. मष्णूनं चोरी झाकायला घातली असेल, तसंही. सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. पण सासूच्या त्या तापलेल्या लाल तोंडाचाही आपल्याला संशय येऊ शकतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं, आणि ते तिला आवडलं नाही.

"कळी ठेवू की काढू?" स्वरूपानं विचारलं.

मंगलनं हातातला पुठ्ठा मांडीवर ठेवला. ती बायाक्काकडं बघत राहिली.

"गिऱ्हाईकानं बिनकळीचा मागितलाय," बायाक्का म्हणाली. "त्याला बिनकळीचा कर. पण हा काढून टाकू नको. कळीसकट वेगळा ठेव."

स्वरूपानं मान हलवली. नव्या डिस्कमध्ये दोन्ही गेले, क्षणात, काही फिरल्याचा आवाज न होता. मग तिनं जरा चाचरत सांगितलं की किशननं निरोप दिला आहे, आता तरी एक कॉपी बाहेर काढा, आणि ती ह्या घरात ठेवू नका. घराला काही झालं तर.

"मग कुठं ठेवायची?" श्रीनाथ दारातून म्हणाला. "तुझ्या माहेरी?"

स्वरूपानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला. तिनं पेन ड्राइव्ह लावला, कॉपी घेतली आणि तो काढून सासूच्या तळहातावर ठेवला. तुम्हीच ठरवा, असं. बायाक्कानं तो एवढासा तुकडा मुठीत धरला. स्वरूपाच्या माहेरी दे म्हणायला आता तिची जीभ अडली नसती. पण आजवर या काठाचं एवढं तरी कळलं होतं की एका घरात तो हरवला, तेव्हा दुसऱ्या घरानं उंदरांपासून, वाळवीपासून, माग विकायच्या दिवसापासून राखून ठेवला होता.

तिनं मूठ मंगलपुढं उघडली.

"हे काय?" मंगल मागं सरली.

"काठ हाय. कळीसकट आन् बिनकळीचा. तुझ्याकडं ठेव."

"आन् ह्यात दुसरं काय घालून देत्येस? आमच्या नातवाचा कॉम्प्युटर बिघडवायला?"

"काय न्हाय घातलेलं."

"तुझ्या तोंडावर कसा विश्वास ठेवू?"

"नको ठेवू."

मंगलनं पेन ड्राइव्ह उचलून उलटा-पालटा केला, दात आहे की काय असा बोटानं चाचपला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग पोत्यातले पुठ्ठे मोजायला बसली. बायाक्कानं त्याचा राग धरला नाही. गार झालेला चहा तिनं स्वतः आत नेऊन गरम करून आणला. मंगलनं तो या वेळी घोटभर घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर मागितली.

दारात रिक्षा थांबली तेव्हा ती पोतं सावरत म्हणाली, "घरी जाऊन नातवाकडनं उघडून बघणार हाय मी. काय कमी निघालं तर परत येणार, सांगून ठेवते."

"ये," बायाक्का म्हणाली.